फेहीचा अंगठा आणि आपला षड्ज

गेल्या शनिवारी शेजारच्या पोर्चवर गिटार वाजत होती. वाजवणारे निवृत्त गृहस्थ मला पाहून मोठ्या आपुलकीने म्हणाले, "ये, तुमच्याकडचंच आहे हे. राग!" ते वाजवत होते जॉन फेही या अमेरिकन गिटारवादकाची रचना.

ही इथली, अमेरिकेतली सवय मला फार खुपते. तार जरा घुमत राहिली, लय संथ झाली, की झाला राग! आरोह-अवरोह नाही, वादी-संवादी नाही, एका स्वरावर मुक्काम करून बढत नाही. फेहीने 1967 च्या एका रचनेला नावातच 'राग' म्हटलं आणि तिच्यात आगगाडीचे आवाज मिसळले, म्हणून ती राग ठरत नाही. पुण्यात गुरूंसमोर बसून एकट्या यमनात वर्षं काढलेल्या माणसाला हे हसून सोडून देता येत नाही.

शिवाय त्यामुळे फेहीचं खरं घराणं झाकलं जातं. तो वाढला आमच्या या मेरीलँडमधल्या टाकोमा पार्कमध्येच, पण त्याचं संगीत आलं मिसिसिपीच्या कृष्णवर्णीय ब्लूज गायकांकडून. दक्षिणेतल्या वस्त्यांत दारोदार फिरून तो मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्या विकत घ्यायचा. आपल्याकडेही चोरबाजारात तबकड्या धुंडाळणारे वेडे आहेतच, पण हा तबकडीवर थांबला नाही, माणसांपर्यंत गेला. बुका व्हाइट या ब्लूज गायकाच्या एका जुन्या गाण्यात मिसिसिपीतल्या अ‍ॅबरडीन गावाचा उल्लेख होता. तेवढ्या धाग्यावर 1963 मध्ये त्याने त्या गावच्या पोस्टात 'बुका व्हाइट, जुने ब्लूज गायक' अशा पत्त्यावर कार्ड टाकलं, आणि ते खरंच पोचलं! पुढच्या वर्षी दोन मित्रांबरोबर त्याने स्किप जेम्स या दुसऱ्या ब्लूज गायकाला मिसिसिपीतल्या एका इस्पितळात शोधून काढलं. चार्ली पॅटन या आणखी एका ब्लूज गायकावर त्याने विद्यापीठात प्रबंध लिहिला. आपण गुरूंचं नाव घेताना कानाची पाळी धरतो. फेहीची ही धडपड मला त्याच जातीची वाटते.

1959 मध्ये त्याने पहिली रेकॉर्ड स्वतःच काढली, अवघ्या शंभर प्रती. तिची एक बाजू स्वतःच्या नावाने, दुसरी 'ब्लाइंड जो डेथ' नावाच्या काल्पनिक गायकाच्या नावाने. तीच रेकॉर्ड 2010 मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण यादीत गेली. ते बघायला तो नव्हता. ऑरेगनमधल्या सेलममध्ये आजारपण आणि गरिबी सोसून 2001 मध्ये तो वारला. या देशात त्याच्यासारख्या कलावंतावर गिटार गहाण टाकायची वेळ यावी, याचा मला राग येतो. आणि आपल्याकडे वेगळं काय होतं, असं कोणी विचारलं तर उत्तर देणं जड जातं.

पण त्या पोर्चवर पुढे जे झालं ते सांगायलाच हवं. त्यांनी गिटार माझ्या हातात दिली. तारा फेहीच्या आवडत्या 'ओपन सी' या जुळणीत लावलेल्या होत्या. एकही पडदा न दाबता मी खालून वर छेडत गेले: सा प सा प सा ग. अंगावर काटा आला. खर्जाची तार नीट लागली की तानपुऱ्यातून आपोआप उमटणारा जो स्वयंभू गंधार, तोच इथे सगळ्यात वरच्या तारेवर उघड बांधलेला. अंगठा खालच्या तारांवर षड्ज-पंचम धरून चालत राहतो, बोटं वर धून काढतात, कधी ठोक्याच्या आधी, कधी मागे रेंगाळून, आणि अंगठा तसूभरही ढळत नाही. हा राग नव्हेच, पण बैठक आपल्या ओळखीची आहे. ते शेजारी तिथपर्यंत बरोबर होते, आणि तसं मी त्यांना सांगितलंही.

आई फोनवर म्हणते, तानपुरा खोक्यात ठेवलास आणि परक्यांचं ऐकत बसतेस. पण कान सुटला असता तर तो गंधार मला ऐकूच आला नसता.

तुम्ही ऐकणार असाल तर पहिल्यांदा फक्त अंगठा ऐका, धून दुसऱ्या वेळी. त्यानंतर स्किप जेम्सचं 1931 चं ध्वनिमुद्रण लावा. खरखर फार आहे, पण फेही कुठून आला ते तिथे कळतं.