लायक्रा, पायमशीन आणि खांद्यापासून खांद्यापर्यंतचं माप

लातूरच्या दुकानांत मला पोहण्याचे जे कॉस्च्युम दिसले, ते एक तर शाळकरी मुलींच्या मापाचे होते, नाहीतर सगळ्या बायकांचा बांधा सारखाच असतो असं धरून शिवलेले. एका दुकानात माझं माप सांगितल्यावर "या साईझला कोण पोहतं मॅडम?" असं उत्तर आलं. मी पोहते. म्हणून माझे कॉस्च्युम मी घरी शिवते, आणि त्या नादानं आता कुर्ते, पँट, ब्लाउज सगळं घरीच होतं.

मला याबद्दल विचारणाऱ्या बहुतेक जणींना शिवणकाम चांगलं येतं. मुंढ्यात एक चुणी न पडता बाही बसवणाऱ्या, कटोरी ब्लाउज लीलया शिवणाऱ्या बाया आहेत त्या. पण लायक्राचं नाव काढलं की म्हणतात, "ते आपल्याला नाही जमायचं." माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. ब्लाउज हा कॉस्च्युमपेक्षा कितीतरी अवघड प्रकार. सुती कापड अजिबात ताणत नाही, त्यामुळे टक्स अर्धा बोट सरकला तरी लगेच दिसतो. वर हुक, काजं, उरेप पट्टी. कॉस्च्युमला यातलं काहीच नाही. चार तुकडे, थोडं इलॅस्टिक, आणि कापड अंगाबरोबर वळतं. जिला ब्लाउज येतो तिला कॉस्च्युम येणारच, फक्त तीन-चार गोष्टी वेगळ्या करायच्या असतात.

पहिली गोष्ट कापड. ज्याला आपण लायक्रा म्हणतो तो धागा १९५८ मध्ये अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीतल्या जोसेफ शिव्हर्स या रसायनशास्त्रज्ञानं तयार केला. तो आपल्या लांबीच्या पाचपट ताणला तरी पुन्हा मूळ जागी येतो. त्याआधी कितीतरी वर्षं लोक लोकरीचे नि सुती पोशाख घालून पोहायचे, आणि ते पाण्यानं जड होऊन लोंबायचे. आजही लेगिंगचं कॉटन लायक्रा पोहायला घेतलं तर तेच होतं. तलावावर नायलॉनचाच पोशाख हवा म्हणतात त्यामागे हे एक कारण आहे, आणि दुसरं म्हणजे सुती कापडाचे तंतू सुटून फिल्टरमध्ये अडकतात. तेव्हा घ्यायचं ते नायलॉन लायक्रा, साधारण ऐंशी टक्के नायलॉन नि वीस टक्के लायक्रा, उभं-आडवं दोन्हीकडं ताणणारं, म्हणजे फोर वे. दीडशे सेंटीमीटर पन्ह्याचं असेल तर सव्वा मीटरमध्ये मोठ्या मापाच्या बाईचंही काम होतं. कापड हातात आल्यावर दहा सेंटीमीटरवर दोन खुणा करून पट्टीला धरून ताणा. सहज पंधरापर्यंत गेलं आणि सोडल्यावर पुन्हा दहावर आलं, तर ते चांगलं. मग ताणलेलं कापड उजेडासमोर धरा. बोटं दिसली तर आतून अस्तर लागणार. फिक्या रंगाला तर लावाच.

दुसरी गोष्ट माप, आणि या मापासाठीच मी ही पोस्ट लिहायला बसले. छाती, कंबर, नितंब ही मापं सगळ्यांना येतात. पण कॉस्च्युम अंगाला बसतो तो धडाच्या पूर्ण फेरावर. टेप एका खांद्याच्या मध्यावर धरायची, छातीवरून पोटावर, दोन्ही पायांमधून मागं, पाठीवरून वर, आणि पुन्हा त्याच खांद्यावर. हे माप आपलं आपल्याला नीट घेता येत नाही, कुणीतरी टेप धरायला हवं. छाती-कंबर सारखी असलेल्या दोघींमध्येसुद्धा या फेरात मोठा फरक निघतो, आणि साईझचं लेबल त्याबद्दल काही सांगत नाही. फेर कमी पडला की पट्टे खांद्यात रुततात. जास्त झाला की पोटाशी पाणी साठतं आणि उडी मारल्यावर सगळं खाली सरकतं. आजवर ज्या ज्या बाईनं मला "मला कॉस्च्युम शोभत नाही" असं सांगितलं, तिचा फेर मी मोजलाय. अंगात खोट कुणाच्याच निघाली नाही, कापडच आखूड होतं.

आता या मापांतून कमी करायचं. ब्लाउजला आपण श्वासासाठी जागा वाढवतो, इथं घटवायची. आडव्या मापातून दहा ते पंधरा टक्के कमी. नितंब १०० सेंटीमीटर असतील तर कापड ८५ ते ९० ठेवायचं. उभ्या फेरातून मी त्याहून थोडं कमी काढते. कापड जिकडं जास्त ताणतं ती बाजू अंगाभोवती यायला हवी, हे कातर लावण्याआधी दोनदा बघा. कापून ठेवलेले तुकडे इतके लहान दिसतात की माझी आई ते उचलून म्हणाली होती, "काय शिवायलीस गं हे? बाळाचं हाय का?" घालून दाखवल्यावर तिनं दोन्ही बाजूंनी ओढून बघितलं आणि मग म्हणाली, "आमाला असलं मिळालं असतं तर."

आई औसा तालुक्यातली. पाठीला वाळलेला भोपळा बांधून शेतातल्या विहिरीत पोहायला शिकली. भाऊ चड्डीवर उड्या मारायचे, ती परकराचा काचा मारून. भिजलेला परकर पायांत गुंडाळतो, ओढ लागते, दम लवकर लागतो. तरी ती विहिरीच्या कठड्यावरून सूर मारायची, हे मामा अजून सांगतात. मग न्हाण आलं, लुगडं आलं आणि विहीर बंद झाली. लुगड्यात कोण पोहणार? पोहणं तिला येत होतं, पाणीही घरचंच होतं. अंगावर काय घालायचं, तेवढ्यावर सगळं अडलं. म्हणून कपड्याचा विषय मला कधीच छोटा वाटत नाही.

शिवायचं कसं, तर माझ्याकडं काळी पायमशीन आहे, सरळ टीप सोडून दुसरं काही न करणारी. ज्यांच्याकडं झिगझॅगची मशीन आहे त्यांनी झिगझॅगच मारावी, रुंदी दोन-अडीच मिलिमीटर. सरळ टिपेची अडचण एवढीच की कापड ताणलं की दोरा ताणत नाही आणि तट्कन तुटतो. त्यावर माझी रीत अशी: सुई स्ट्रेचची किंवा बॉलपॉइंट, ७५ नंबरची. तिचं टोक गोलसर असतं, ते धाग्यांमधून वाट काढतं, धागा तोडत नाही. साधी टोकदार सुई वापरली की टीप सुटते आणि कापडाला बारीक भोकं पडतात. दोरा पॉलिस्टरचाच, सुती नको. टीप बारीक ठेवायची आणि शिवताना पुढून-मागून दोन्ही हातांनी कापड किंचित ताणून धरायचं. शेजारी-शेजारी दोन टिपा.

एवढं करून मी तुकडे घेऊन पिको-फॉलच्या दुकानात जाते. साडीच्या पदराला पिको करणारी मशीन ही मुळात झिगझॅगची मशीन असते. मराठवाड्यात अशी गल्ली नसेल जिथं एक पिकोवाल्या ताई नाहीत. त्यांना आतल्या शिवणींवर आणि इलॅस्टिकवर झिगझॅग मारून द्या म्हणायचं, सुई मात्र आपली द्यायची. माझ्या ताईंनी पहिल्यांदा कापड हातात घेऊन बराच वेळ उलटसुलट केलं. आता त्या स्वतःच इलॅस्टिक किती ओढायचं ते मला सांगतात, आणि त्यांचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे.

इलॅस्टिक पायाच्या गोलापेक्षा साधारण दहा टक्के कमी घ्यायचं. पण ते सगळीकडं सारखं ओढायचं नाही. पुढं जवळजवळ सपाट, मागच्या बाजूला घट्ट, म्हणजे मागून वर सरकत नाही. गळ्याला अगदी हलकं. परकराचं नाहीतर पायजम्याचं साधं इलॅस्टिक वापरू नका, क्लोरिनच्या पाण्यात ते लवकर मरतं. पोहण्याच्या कपड्यांचं म्हणून वेगळं मिळतं, तेच मागवा.

आता बायकांचं बोलणं. दुपारच्या महिलांच्या बॅचमध्ये मी गुडघ्यापर्यंतचा, बिनबाह्यांचा कॉस्च्युम घालते. एका बाजूनं ऐकू येतं, "एवढं अंगाला चिकटलेलं?" दुसऱ्या बाजूनं, "गुडघ्यापर्यंत कशाला, जुन्या वळणाचं वाटतं." जुन्या वळणाचं म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगते की जागतिक स्पर्धांत उतरणाऱ्या बायकाही खांद्यापासून गुडघ्यापर्यंतच घालतात. २००९ मध्ये रोमच्या जागतिक स्पर्धेत पॉलियुरेथेनचे, म्हणजे प्लॅस्टिकसारख्या पदार्थाचे, पोशाख घालून ४३ विश्वविक्रम झाले, त्यानंतर २०१० पासून असे पोशाख बंद झाले. कापडच हवं, आणि बायकांसाठी खांदा ते गुडघा इतकीच मर्यादा, असा नियम आला. माझा बेत त्यातच बसतो. जिला मांडीपर्यंत हवा तिनं तसा शिवावा, जिला कोपरापर्यंत बाह्या नि डोक्याला टोपी हवी तिनं तसा. स्वतः शिवण्याचा मोठा फायदा हाच आहे. दुकान जे दोन पर्याय देतं त्यातलाच एक निवडायची सक्ती राहत नाही, आणि बोलणाऱ्यांना उत्तर द्यायचीही गरज पडत नाही, कारण आपण विचार करून, मापून, कापून ठरवलेलं असतं.

लातूरमध्ये राहून पोहण्याबद्दल लिहिताना पाण्याचा विषय टाळता येत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं आमच्या शहराला पाणी आलं. ते दिवस पाहिलेल्या माणसाला भरलेला तलाव सहज मिळालेली गोष्ट वाटत नाही. टंचाईच्या उन्हाळ्यात तलाव आधी बंद व्हावा, याबद्दल माझी काही तक्रार नाही. तेव्हा मी बाकीचे कपडे शिवायला घेते.

कुर्त्यांसाठी नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीची खादी मला आवडते. तिरंग्यासाठी कापड करणारी हीच समिती. खादी कापण्याआधी रात्रभर भिजवायची, नाहीतर पहिल्या धुण्यात आटते आणि बगलेत काचते. माझ्या प्रत्येक कुर्त्याला, प्रत्येक पँटला खिसा असतो. वर्तमानपत्रावर आपलाच पंजा ठेवून भोवती दोन बोटं सोडून आखलं की खिशाचं कटिंग तयार. मोबाईल, चावी, एसटीचे सुटे पैसे सगळं अंगावर राहतं. बाजूच्या शिवणींत मी अडीच सेंटीमीटर माया ठेवते. अंग वाढतं, उतरतं, बाळंतपण होतं. कपड्यानं त्याच्याबरोबर चालायला हवं.

आईची एक जुनी इरकल होती, तिला हात लावायला मी कचरत होते. तिनंच कातर माझ्यापुढं सरकवली. "पेटीत ठिवून कसर लागायलीय तिला. काप की." तिचा कुर्ता झाला, पदराचा लाल भाग पाठीवर घेतला. तो घालून मी ऑफिसला जाते.

मला विचाराल तर भीती मशीनची कुणालाच नसते, असते ती कातरीची. कापलं की परत जोडता येत नाही, असं वाटतं. ज्यांना ते फार वाटतं त्यांनी घरातली वापरून सैल झालेली लेगिंग उसवावी, वर्तमानपत्रावर आखलेलं कटिंग त्यावर ठेवावं आणि सरळ कातर चालवावी. त्या कापडाचं तसंही फडकंच होणार होतं. तो नमुना घरात घालून बघा, हात वर करा, वाका, उकिडवं बसा. कुठं ओढतं तिथं खडूनं खूण करा नि कागदावर तेवढं वाढवा. मग नायलॉनला हात घाला. टीप वाकडी गेली तर उसवा, पुन्हा मारा. उसवल्याशिवाय कुणाचाच हात बसत नाही, पन्नास वर्षं मशीन चालवणाऱ्या शिंप्यालाही विचारून बघा.

पोहून आल्यावर कॉस्च्युम लगेच साध्या पाण्यात खळबळून काढा, पिळू नका, गरम पाणी नको, आणि सावलीत वाळवा. मे महिन्यात आमच्या गच्चीवरचं ऊनही क्लोरिनसारखंच लायक्रा मारतं.

सध्या शेजारच्या वहिनींचं माप घेऊन ठेवलंय. त्यांना मोरपंखी रंग हवाय, बाह्या कोपरापर्यंत, आणि पुढून चेन, म्हणजे घालता-काढताना कुणाची मदत नको. चेन नायलॉनच्या दातांचीच लावणार, धातूची त्या पाण्यात काळी पडते. कापड या आठवड्यात येईल. पोहायला त्या अजून शिकलेल्या नाहीत. कॉस्च्युम झाला की नाव घालते म्हणाल्यात.