बाळाचे पाय बेडकासारखे का पडतात

मी डिचोलीला लहान मुलांची फिजिओ आहे आणि दुबोविट्झ या डॉक्टर नवरा-बायकोबद्दल लिहायचं कधीपासून डोक्यात होतं. व्हिक्टर मूळचे दक्षिण आफ्रिकेचे, लिली हंगेरीच्या, दोघांचं काम इंग्लंडात. व्हिक्टरांचा विषय मुलांचे स्नायूंचे आजार, लिलीचा जीव दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळांमध्ये, म्हणजे वरवर बघितलं तर दोन वेगळी दुकानं, पण मला मनापासून वाटतं की हे दोन्ही विषय एकाच घरात होते म्हणून आम्हाला बाळ बघायची नजर मिळाली.

1970 साली त्यांनी बाळ नेमकं किती आठवड्यांचं आहे हे ठरवायची तपासणी दिली. 11 गोष्टी नुसत्या बघायच्या, तळपायावरच्या रेघा, कानाची पाळी किती घट्ट, अंगावरची लव वगैरे, आणि 10 गोष्टी बाळाच्या हालचाली आणि टोनच्या, टोन म्हणजे स्नायूंचा ताण. बाळाचा हात छातीवरून पलीकडच्या खांद्याकडे न्यायचा आणि कोपर कुठवर जातं ते बघायचं, मशीन नाही काही नाही. नंतर 1979 ला त्याचंच छोटं रूप आलं, बॅलार्ड स्कोअर, ते आज कुठल्याही एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, नर्सला विचारा, सांगेल.

आता मुद्द्याचं. 28 आठवड्यांचं बाळ सगळं सैल, हातपाय पसरून पडलेलं असतं. 34 च्या आसपास पाय दुमडायला लागतात आणि गुडघे बाहेर पडतात, अगदी बेडकासारखे, आणि 40 ला, म्हणजे पूर्ण दिवसांना, हातपाय चारही आत घेऊन गाठोडं झालेलं. टोन पायाकडून वर चढत जातो. म्हणजे 34 आठवड्यांच्या बाळाचे पाय तसे पडले तर ते बरोबरच आहे, आणि पूर्ण दिवसांचं चार महिन्यांचं बाळ तसंच पडून असेल तर धावपळ करायची. पोज तीच!

मागच्या पावसात सत्तरी तालुक्यातून एक आजी नातीला घेऊन आली, बाळ पाच महिन्यांचं, मान नीट धरत नाही म्हणून घरात रडारड. कार्ड बघितलं तर 30 आठवड्यांचा जन्म, म्हणजे दहा आठवडे वजा केले की खरं वय पावणेतीन महिने, आणि त्या वयाला तिची प्रगती छान होती, पालथं घातलं की डोकं उचलायला बघायची. आजीला म्हटलं, बाय एकदम ठीक आहे, मालिश करा, खेळवा, वरचेवर दाखवायला आणा.

आणि त्याच सुमारास दुसरं बाळ, पूर्ण दिवसांचं, चार महिने. डोळे इतके तरतरीत, माझ्याकडे बघून हसत होतं, पण पाय बेडकासारखे पडलेले, उचलतच नव्हतं, श्वास घेताना छाती आत आणि पोट वर, जीभ बारीक थरथरत होती, गुडघ्यावर हातोडी मारली तर काही नाही. आईवडिलांना आधी एका ठिकाणी सांगितलेलं की थांबून बघूया, काही मुलं उशिरा करतात. मला याचाच राग येतो. एसएमए, म्हणजे स्नायू दुबळे करणारा जनुकीय आजार, असेल तर थांबण्यात जे मोटर न्यूरॉन, म्हणजे स्नायूंना हलवणाऱ्या मज्जापेशी, जातात ते परत येत नाहीत, कुठल्याच औषधाने नाही. त्यांना लगेच बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजात पाठवलं, जीन टेस्ट झाली, एसएमएच निघाला, आता औषधासाठी कागदपत्रं चालू आहेत.

या आजाराचा जीन 1995 ला सापडला आणि पहिलं औषध अमेरिकेत मंजूर झालं 2016 च्या डिसेंबरात, त्याच वर्षी लिलीबाई गेल्या. त्या औषधाच्या चाचणीत बाळं सुधारतात का हे मोजायला जी तपासणी वापरली नं, मान धरतं का, लाथ मारतं का, बसतं का, ती हॅमरस्मिथची, म्हणजे लंडनच्या ज्या हॉस्पिटलात हे दोघं काम करत होते तिथे यांच्याच कामातून उभी राहिलेली. त्याच तपासणीचा मार्कांचा भाग मीही रोज करते, 26 गोष्टी, 78 पैकी मार्क, आणि एवढं बघायला एक चटई पुरते.

म्हणून आयांनो, दिवसांआधी झालेलं बाळ आणताना डिस्चार्ज कार्ड विसरू नका, किती आठवड्यांना जन्म झाला ते त्यावरच कळतं. आणि बाळ पूर्ण दिवसांचं असून पाय उचलत नसेल तर समोरच्या डॉक्टरांना सरळ विचारा, एसएमए असू शकतं का, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. घरी बाळ उताणं असताना दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून ठेवा, कपडे काढून, कारण क्लिनिकमध्ये ते बरेचदा झोपलेलं असतं. औषधाच्या खर्चाचं वेगळं लिहीन, तो मोठा विषय आहे.