डायपर भरलेला नव्हता

शुक्रवार, ४ जुलै

आज पहाटे पुन्हा तेच झाले. पावणेचारच्या सुमारास बाळ कुशीवर वळून कण्हल्यासारखे रडू लागले. हात लावून पाहिले तर त्याची पाठ, बनियन आणि खालचे दुपटे थेट खांद्यापर्यंत ओले झाले होते, आणि ती ओल गार पडल्यामुळे त्याच्या अंगावर काटा आला होता. या आठवड्यात पत्नीची रुग्णालयात रात्रपाळी असल्याने रात्रीचे सगळे माझ्याकडे आहे. कोमट पाण्यात पिळलेल्या सुती फडक्याने त्याला पुसले, कोरडे कपडे घातले आणि तो पुन्हा झोपेपर्यंत खांद्यावर घेऊन खोलीत फेऱ्या मारत राहिलो. घड्याळात साडेचार वाजून गेले होते. गेल्या दोन आठवड्यांतली ही सहावी रात्र.

एकोणीस महिन्यांच्या मुलाचा डायपर गळणे ही काही मोठी आपत्ती नव्हे, हे मला कळते. तरीही गाढ झोपेतल्या मुलाला गारठ्याने जाग यावी आणि आपल्याला काय होते आहे हे त्याला धड सांगताही येऊ नये, याचे मला फार वाईट वाटते. त्याच्याजवळ शब्द मोजके आहेत. ओला बनियन छातीपाशी मुठीत धरून तो नुसते ‘गा... गा...’ म्हणत होता, आणि त्याला ‘गार’ म्हणायचे आहे हे माझ्या दोन मिनिटे उशिराने ध्यानात आले.

पुण्यात जुलैमध्ये कापसाची गादी एकदा भिजली की चार-चार दिवस वाळत नाही. पंख्याखाली उभी करून ठेवली तरी आतला कापूस दमट राहतो आणि त्याला कुबट वास येऊ लागतो. म्हणून मी आता अंथरुणाचे दोन थर घालतो: गादीवर मेणकापड, त्यावर चादर, त्यावर पुन्हा मेणकापड आणि पुन्हा चादर. रात्री भिजले की वरची जोडी गुंडाळून बाजूला करायची, खाली कोरडे अंथरूण तयारच असते. याने गादी वाचली, पण मूल भिजायचे काही थांबले नाही.

आतापर्यंत मी तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे डायपर आणून पाहिले. दर वेळी वाटायचे की आधीचा पुरेसे शोषून घेत नसणार, म्हणून त्याहून महाग आणायचा. या सोमवारपासून मात्र मी सकाळी काढलेला डायपर पिशवीत घालून वजनकाट्यावर ठेवू लागलो आहे. कोरडा डायपर ३५ ग्रॅम भरतो. मंगळवारची रात्र पूर्ण कोरडी गेली, त्या सकाळी वजन ३६५ ग्रॅम होते. आज पहाटे गळलेला डायपर मात्र अवघा २४० ग्रॅम भरला. गळून बाहेर गेलेले वेगळे हे खरे, पण मंगळवारी जितके मावले होते त्याच्या आसपासही हा डायपर पोहोचला नव्हता, आणि तरीही मूल खांद्यापर्यंत भिजले होते. म्हणजे डायपर भरून वाहिलेला नाही. ओल बाहेर पडायला दुसरीच कोणती तरी वाट सापडते आहे, आणि ती कोणती हे मला अजून दिसलेले नाही.

मनात एक भीतीही होती. मुलाची लघवी अचानक फार वाढली, त्याबरोबर तहानही वाढली आणि वजन उतरू लागले, तर ते लहान मुलांमधल्या मधुमेहाचे लक्षण असू शकते आणि अशा वेळी एक दिवसही न थांबता डॉक्टरांकडे जावे लागते, हे पत्नीने मला सांगितले होते. म्हणून काल संध्याकाळी त्याला बालरोगतज्ज्ञांना दाखवून आणले. वजन ११ किलो ४०० ग्रॅम, खाणेपिणे आणि खेळणे व्यवस्थित, तपासणीत काळजीचे काहीही नाही. तो घोर मिटला, हे इथे आवर्जून लिहून ठेवतो.

रविवार, ६ जुलै, आषाढी एकादशी

काल दुपारी आई चिपळूणहून आली. आल्या आल्या तिला सगळे सांगितले. ती काही बोलली नाही. रात्री बाळाला मी तयार करत असताना मात्र ती पलंगाच्या कडेला बसून माझ्या हातांकडे पाहत राहिली. मी नेहमीप्रमाणे त्याच्या मांड्यांना आणि जांघेत खोबरेल तेल भरपूर चोळले, नवा डायपर चढवला, आणि पावसाळी हवेत पोट उघडे पडू नये म्हणून बनियनचे टोक नीट खाली ओढून डायपरच्या कमरेत सगळीकडून खोचले. गेले महिनाभर मी हे रोज करत आलो आहे, आणि खोचताना दर वेळी मला समाधान वाटत आले आहे.

“अरे, तो बनियन बाहेर काढ आधी,” आई म्हणाली. “वात झालीय त्याची.”

मला चटकन उलगडा झाला नाही. तेव्हा ती मला देवघरापाशी घेऊन गेली. संध्याकाळी लावलेली समई शांत झाली होती, तिची एक वात काठावरून जरा जास्तच बाहेर आली होती, आणि त्या वातीच्या टोकाशी तेलाचा थेंब लोंबत होता. खालच्या ताटलीत आधीच बोटभर तेल साठले होते. समई काही काठोकाठ भरलेली नव्हती, तेल काठाच्या चांगले खाली होते. तरीही सुती वात आत बुडालेली आणि टोक बाहेर, एवढ्यावर तेल काठ ओलांडून ठिबकत होते. लहानपणापासून हे मी शेकडो वेळा पाहिले आहे आणि ती ताटली पुसलीही आहे.

परत येऊन मी बनियनचे टोक बाहेर काढले आणि बोटांनी चाचपून पाहिले. डायपर बाहेरून प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्याने बंद असतो, तो पाणी जाऊ देत नाही. पण कमरेच्या आत सुती कापडाचे टोक गेले की ते आतला ओलावा शोषते आणि धाग्याधाग्याने वर चढवत नेते. पोटाशी, पाठीशी, मग खांद्यापर्यंत. ओल नेहमी वर का पसरते आणि मांड्यांपाशी चादर तुलनेने कोरडी का असते, हा माझा दोन आठवड्यांचा प्रश्न तिथल्या तिथे सुटला. सुटल्याचा आनंद झाला खरा, पण मुलाला ऊब मिळावी म्हणून जे मी इतक्या निगुतीने करत होतो त्यानेच तो वारंवार गारठत होता, हे कळून मन फार हळवे झाले. आईने ते ओळखले असावे. “तू काही मुद्दाम केलंस का? चल, तेल पुस त्याचं,” एवढेच ती म्हणाली.

तेलाचेही तसेच होते. डायपरच्या आतल्या बाजूचा मऊ पापुद्रा लघवी झटकन खाली जाऊ देतो. खाली कागदाच्या लगद्यात सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेटचे बारीक दाणे असतात, ते ओलावा ओढून फुगतात आणि त्यांचा चिकट गोळा होतो. मात्र हे व्हायला क्षणभर वेळ लागतो. वरच्या पापुद्र्यावर तेलाचा किंवा जाड मलमाचा थर बसला तर लघवी आत न जिरता वरच्या वर घरंगळत कडेकडे जाते. मूल कुशीवर किंवा पालथे झोपलेले असेल तर त्याच्या वजनाने तो भाग दाबला जातो आणि दाणे तेवढे शोषू शकत नाहीत. आमचा मुलगा निम्मी रात्र पालथा झोपतो. मुलग्याच्या बाबतीत डायपर बंद करताना लिंगाची दिशा खाली नसेल तर सगळी धार कमरेच्या पट्टीशी येते, आणि तिथे माझा बनियन वाट पाहत असायचा. पत्नीने हे मला पहिल्या महिन्यात शिकवले होते. मूल पळू लागल्यापासून, घाईघाईत उभ्यानेच डायपर चढवण्याच्या नादात, ते माझ्याकडून सुटले होते.

आज सकाळी मी आईला विचारले की तुम्ही आमच्या वेळी पावसाळ्यात कसे निभावत होता. तिने सांगितले की जुन्या सुती लुगड्याचे त्रिकोणी लंगोट असायचे, दिवसाला वीस-पंचवीस, आणि चिपळूणच्या पावसात ते वाळवायला शेगडीवर वेताची टोपली पालथी घालून तिच्यावर पसरायचे. निखाऱ्यावर चिमूटभर ओवा टाकला की कपड्यांना धुरीही मिळायची. “लंगोट ओला झाला की लगेच कळायचं, म्हणून लगेच बदलायचो. रात्री तीनदा उठायचेच,” ती म्हणाली. तिच्या बोलण्यात डायपरविषयी जराही नाराजी नव्हती, उलट हे तेव्हा असते तर निदान चार तास सलग झोपले असते, असेच ती म्हणाली. मी तिच्या हातांकडे पाहत होतो. त्या हातांनी रोज पंचवीस लंगोट धुतले, आणि हे मी आजवर कधी विचारलेही नव्हते.

शनिवार, १९ जुलै

तेरा रात्री झाल्या. त्यांपैकी अकरा कोरड्या गेल्या.

बनियन आता डायपरच्या वर मोकळा असतो, आणि पोटासाठी त्यावरून सैल सुती पायजमा. तेल संध्याकाळी लवकर लावून आंघोळीनंतर पुसून घेतो. झोपण्यापूर्वी नवा डायपर घातला की मांडीभोवती बोट फिरवतो. तिथे आत एक पातळ उभी झालर असते, ती दुमडून आत राहिली तर बांध फुटल्यासारखी सगळी ओल तिथून बाहेर पडते, म्हणून ती बाहेर काढावी लागते. कमरेत दोन बोटे सहज जावीत, त्याहून सैल नको. मापाचाही घोटाळा होता: पाकिटावर ‘एम’ ७ ते १२ किलो आणि ‘एल’ ९ ते १४ किलो असे लिहिलेले आहे, म्हणजे आमचा मुलगा दोन्हींत बसतो. मी लहान माप घेत होतो आणि सकाळी मांडीवर लाल वळ दिसायचे. ‘एल’ घेतल्यापासून वळ उठत नाहीत. दुसऱ्या पावसाळ्यातही हे कुणाच्या उपयोगी पडेल, म्हणून इतके तपशीलवार लिहितो आहे.

डायपरही कमी लागू लागले आहेत. वापरलेला डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढून वेगळा द्यावा, अशी पुण्यात कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेची विनंती आहे, म्हणजे ते पुडके कुणाला हाताने उघडून पाहावे लागत नाही. रोज सकाळी येणाऱ्या ताई आमच्या दारातून ती पुडकी नेतात. मध्यरात्री बदललेल्या डायपरचे जास्तीचे पुडके त्यांच्या हाती देताना मला संकोच व्हायचा. आता बहुतेक दिवशी तिथे एकच असते.

आई उद्या परत निघेल. जाण्यापूर्वी तिने स्वतःची एक विरलेली सुती साडी फाडून सहा लंगोट शिवून ठेवले आहेत, दुपारी घरात असताना बांधायला. ओला झाल्याबरोबर बाळ आता थबकून खाली पाहतो आणि ‘शू’ म्हणतो. डायपरमध्ये ते त्याच्या ध्यानातच येत नव्हते.

आज रात्री पत्नी घरी होती. दिवा मालवल्यावर मी तिला सगळे क्रमाने सांगत होतो, बनियन, तेल, झालर, दोन बोटे. तिने ऐकता ऐकता झोपलेल्या मुलाच्या पायजम्यात अलगद हात घातला, मांडीभोवती बोट फिरवले आणि हळूच म्हणाली, “उजवीकडची आत राहिलीय.” आणि अंधारातच तिने ती बाहेर काढली.