मैदान नसताना घडवलेला संघ

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत आपल्या वेळच्या आठवणी लिहिणारे पुष्कळ आहेत, तेव्हा मी जागा वेगळ्या कामाला वापरतो. आपल्या शाळेच्या मुलींचा सॉफ्टबॉलचा संघ दरवर्षी एकाच अडचणीत सापडतो. शालेय स्पर्धा पावसाळ्यात, नाहीतर पाऊस सरता सरता लागतात आणि तयारीच्या दिवसांत मैदानावर नुसता चिखल. सराव होतो तो सभागृहात. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या प्रशिक्षक कॅरोल हचिन्स यांनी ३८ हंगाम हेच दुखणं सांभाळलं. चिखलाच्या जागी बर्फ, एवढाच फरक.

हचिन्स १९८५ च्या हंगामापासून मुख्य प्रशिक्षक होत्या आणि २०२२ साली निवृत्त झाल्या. आधीचा फेरिस स्टेट विद्यापीठातला एक हंगाम धरून त्यांच्या नावावर १,७०७ विजय आहेत. निवृत्त झाल्या तेव्हा अमेरिकन कॉलेज सॉफ्टबॉलमध्ये एवढे विजय दुसऱ्या कुणाचेच नव्हते. आकडा मोठाच आहे, पण तो कुठल्या हवामानात उभा राहिला हे पाहिलं तर जास्त कळतं. हंगाम फेब्रुवारीत सुरू होतो आणि मिशिगन विद्यापीठाच्या गावी, ॲन आर्बरला, मार्चमध्येही बर्फ पडतो. त्यामुळे संघ पहिले काही आठवडे फ्लोरिडा, कॅलिफोर्निया, ॲरिझोना असा फिरत राहतो. घरच्या मैदानावर पहिला सामना होईपर्यंत वीसेक सामने परक्या मातीवर झालेले असतात. समोरच्या संघांचा सराव तोवर बारा महिने उन्हात चाललेला असतो.

छपराखालच्या सरावात काय बिघडतं, हे आधी नीट समजून घ्यायला हवं. फरशीवर किंवा कृत्रिम गवतावर चेंडूचा टप्पा खरा पडतो. मातीवर तो खड्यावर आपटून उडतो किंवा खालूनच निघून जातो. आत सफाईदार दिसणारी शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधली क्षेत्ररक्षक) बाहेरच्या पहिल्या आठवड्यात चुका करते, याचं कारण हेच. तिचा ग्लोव्ह वरून खाली येत असतो, तो जमिनीला टेकून वर यायला हवा. आत शिकवायचं ते नेमकं हे: दहा-बारा फुटांवरून चेंडू तिच्या पुढ्यात आपटायचा, गुडघे वाकलेले, ग्लोव्ह फरशीला लागलेला. वेडावाकडा उसळणारा खडबडीत रिॲक्शन बॉल मिळाला तर उत्तमच.

उंच झेल छपराखाली जमत नाहीत, त्याला इलाज नाही. पण झेल सुटतो तो बहुतेकदा पहिलं पाऊल पुढे पडल्यामुळे. ते मागे वळून टाकायला हवं, आणि तसं पाऊल चेंडूशिवाय, नुसत्या हाताच्या खुणेवरही घटवता येतं. चेंडू फेकणाऱ्या पिचिंग मशिनवर मात्र फार विसंबू नये. त्यातून चेंडू एकाच ठिकाणाहून, एकाच वेगाने येतो आणि पिचरचा, म्हणजे चेंडू टाकणारीचा, हात दिसतच नाही. मग सामन्यात बॅटरचा टायमिंगचा अंदाज हमखास चुकतो.

पिचिंगला मात्र सभागृह पुरतं. कॉलेजच्या मुलींसाठी पिचिंग प्लेट (चेंडू टाकायची जागा) ते होम प्लेट (बॅटरजवळची पाटी) हे अंतर ४३ फूट आहे. ताशी १०५ किलोमीटर वेगाचा चेंडू तेवढ्या अंतरात साधारण ०.४ सेकंदात बॅटरपाशी पोहोचतो. विंडमिल पद्धतीत, म्हणजे हात पूर्ण गोल फिरवून खालून चेंडू टाकताना, मागचा पाय जमिनीवरून घासत पुढे येतो. गुळगुळीत फरशीवर तो सरकतो, म्हणून मुली नकळत पाऊल आखडतात आणि वेग जातो. खाली रबरी चटई टाकावी, ती न हलेल अशी चिकटवून. बाहेर गेल्यावर उलटंच संकट येतं: दोन-तीन इनिंगांत (डावांत) प्लेटपुढे खड्डा पडतो आणि पुढचा पाय त्यात उतरल्यामुळे चेंडू वर राहतो. दोन इनिंगांच्या मध्ये तो खड्डा बुजवणं हेही कुणाच्या तरी नावावर लावून ठेवलेलं काम हवं.

स्लॅप हा फटकाही आत घटवता येतो. डावखुरी बॅटर धावत सुटतानाच चेंडूला बॅट लावते. धावून गाठायचा पहिला थांबा, म्हणजे पहिला बेस, ६० फुटांवर, आणि चपळ मुलगी तीन सेकंदांच्या आत तिथे पोहोचते. जमिनीवर चिकटपट्टीने ७ बाय ३ फुटांचा बॅटर्स बॉक्स (बॅटरने उभं राहायची चौकट) आखावा, पुढची रेघ होम प्लेटच्या मध्यापासून ४ फूट पुढे. चेंडू लागताना पाऊल पूर्ण चौकटीबाहेर टेकलं तर बॅटर बाद. घाई झाली की खांदा आधी उघडतो आणि चेंडू फाऊल (हद्दीबाहेर) जातो किंवा वर उडतो. ही खोड चौकटीशिवाय दिसतच नाही.

हचिन्स यांच्या मेहनतीचं फळ २००५ साली दिसलं. कॉलेजच्या मुलींची एनसीएए (अमेरिकन कॉलेज क्रीडासंघटना) राष्ट्रीय स्पर्धा १९८२ पासून सुरू होती, पण मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडच्या एकाही संघाने ती जिंकली नव्हती. सगळी विजेतेपदं पश्चिमेच्या उन्हाकडे. ओक्लाहोमा सिटीतल्या तीन सामन्यांच्या अंतिम लढतीत कॅलिफोर्नियातल्या यूसीएलए विद्यापीठाने पहिला सामना ५-० असा घेतला, मिशिगनने दुसरा ५-२. तिसरा सामना नेहमीच्या सात इनिंगांत सुटला नाही. दहाव्या इनिंगमध्ये पहिल्या वर्षाच्या समँथा फिंडलेने तीन धावांचा होमरन (चेंडू थेट कुंपणापार नेणारा फटका) मारला आणि ४-१ असा निकाल लागला. २०१५ मध्ये मिशिगन पुन्हा अंतिम फेरीत गेलं, पण फ्लोरिडाकडून हरलं.

माझ्या मते हचिन्स यांच्या कारकिर्दीतलं सगळ्यात मोलाचं पान प्रशिक्षक होण्याच्या आधीचं आहे. मिशिगन स्टेट विद्यापीठात त्या सॉफ्टबॉलमध्ये शॉर्टस्टॉप होत्या, १९७६ च्या राष्ट्रीय विजेत्या संघात खेळल्या, आणि बास्केटबॉल संघाच्या कर्णधारही होत्या. दौऱ्यावर मुलांना जेवणासाठी दिवसाला १६ डॉलर मिळत, मुलींना ११. मुलं एका खोलीत दोन, मुली चार. १९७९ मध्ये मुलींनी विद्यापीठाविरुद्ध खटला भरला, त्यात पहिलं नाव हचिन्स यांचं. न्यायालयाने जेवणभत्त्याच्या बाबतीत मुलींच्या बाजूने आदेश दिला. भत्ता, खोल्या, फिजिओ, मैदानाची वेळ हे प्रशिक्षकाच्या कामाबाहेरचं आहे असं आपल्याकडे अनेक क्रीडाशिक्षक मानतात. मला ते पटत नाही. अर्धपोटी मुलगी पाचव्या इनिंगमध्ये वाकत नाही आणि मग आपण तिच्या ग्लोव्हला दोष देतो.

दुसरी गोष्ट सहाय्यकांची. बॉनी थोल या हचिन्स यांच्या हाताखाली खेळल्या, १९९४ पासून सहाय्यक राहिल्या आणि २०२२ मध्ये मुख्य प्रशिक्षक झाल्या. सिडनी ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकलेल्या जेनिफर ब्रंडेज यांनी पिचरांची बाजू दोन दशकांहून जास्त काळ पाहिली. पिचरचा हात घडायला तीन-चार वर्षं लागतात. दरवर्षी नवा माणूस येऊन तिचं मनगट नव्याने वळवू लागला तर ती कुठल्याच पद्धतीची राहत नाही. शाळेत मुलगी पाचवी ते दहावी अशी सहा वर्षं आपल्याकडे असते. क्रीडाशिक्षक बदलणारच असतील, तर निदान सरावाची वही पुढच्याच्या हाती द्यावी: कोणती पिचर आठवड्याला किती चेंडू टाकते, कुणाचा पाय घासत नाही, चेंज-अप (फसवा हळू चेंडू) कुणाला जमायला लागलाय.