राजांगणातली वाट

गेल्या चतुर्थीनंतर मी आरपीजी मेकर एमव्ही या संगणकावर खेळ बनवण्याच्या साधनात एक छोटा खेळ रचायला घेतला आणि त्यातले पहिले घर म्हणून गोव्यातल्या डिचोलीतील आमचे जुने घरच डोळ्यांसमोर ठेवले: बलकांव म्हणजे दारापुढचा ओटा, त्यावरचे दोन्ही बाजूंचे सोपे म्हणजे बसायचे कट्टे, आत तुळशीवृंदावनाचे राजांगण म्हणजे घराच्या मधले उघडे अंगण आणि त्याभोवतीची ओसरी. घर मापाने जसेच्या तसे उतरवण्याचा हट्ट धरला, ही माझी पहिली चूक. या साधनात नकाशाची एक चौकट 48 पिक्सेलांची असते आणि 816 बाय 624 पिक्सेलांच्या मूळ पडद्यावर आडव्या 17 व उभ्या 13 चौकटीच मावतात. त्यामुळे मापात काढलेला दिवाणखाना इतका ओस दिसू लागला की, ती पोकळी झाकण्यासाठी मी पलंग, कपाटे, पेटारे आणि आरामखुर्च्या हाताला येतील तशा मांडत गेलो.

भाच्याला खेळायला बसवले, तेव्हा तो दोनच मिनिटांत म्हणाला, "मामा, आजी वाट सोडत नाही!" ओसरीवरचा बाक आणि भिंत यांच्यामध्ये मी एकाच चौकटीची वाट ठेवली होती आणि आजीच्या पात्राला मनाला येईल तसे फिरण्याची मुभा दिली होती. नायकही घन, आजीही घन, म्हणजे एकमेकांतून आरपार जाता येत नाही. ती वाटेच्या तोंडाशी उभी राहिली की आत गेलेला खेळाडू कोंडला जाणार, हे नकाशा वरून पाहताना मला दिसलेच नव्हते. बाक हलवून वाट दोन चौकटींची केली आणि आजीला तिच्या जागी बसवले.

खरे तर हे मला घरातच कळायला हवे होते. चतुर्थीच्या आधी आमच्याकडे सामान हलवताना आई आधी विचारते ते, आरतीला आलेली माणसे कुठून आत येतील आणि कुठून बाहेर पडतील. कपाट कुठे जाईल ते त्यानंतर ठरते. आता मीही रिकाम्या खोलीत दारापासून दारापर्यंतची वाट आधी चालून पाहतो आणि उरलेल्या जागेतच सामान ठेवतो. एखादा पेटारा मात्र मुद्दाम वाटेत येतो, कारण त्याला वळसा घालताना खेळाडूचे तोंड देवघराच्या दाराकडे वळते.

टेबलावर खेळल्या जाणाऱ्या डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीत अडथळ्याला अधिक छटा आहेत: ढिगाऱ्यातून चालताना हालचालीचा खर्च दुप्पट होतो आणि अर्ध्या आडोशामागे संरक्षणात 2 गुणांची भर पडते. माझ्या साधनात मुळात चौकट एकतर अडवते (तिची खूण फुली) किंवा सोडते (तिची खूण गोल), म्हणूनच एका खोलीत अडवणारे स्टूल दुसऱ्या खोलीत पायाखालून जाऊ देणे मला अक्षम्य वाटते.

एक तिसरी खूण आहे, ती चांदणीची: अशी चौकट वाट अडवत नाही आणि पात्राच्या वर रेखाटली जाते. कपाटाच्या खालच्या चौकटीला फुली आणि वरच्या चौकटीला चांदणी दिली की माणूस कपाटामागे गेलेला दिसतो. हीच चांदणी मी गणपतीवर टांगलेल्या माटोळीला, म्हणजे फळापानांनी सजवलेल्या लाकडी चौकटीला दिली, आणि आता भाचा नायकाला उगाचच त्या फळांखालून चार-चार वेळा नेतो.