पिन नको, पासवर्ड सांगा

विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि घरातला जुना लॅपटॉप विंडोज ११साठी अपात्र ठरला. तब्येत ठणठणीत, पण कागदपत्रं अपुरी! भाच्याने त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी प्रणाली टाकून दिली आणि ‘मामा, आता बघायला नको’ म्हणून तो गेला. कोपऱ्यातल्या डेस्कटॉपवर मात्र विंडोजच, आणि घरादाराचे फोटो त्याच्याच पोटात.

वायफाय झटक्यात लागलं. राउटर कोण-कुठला विचारत नाही. येईल त्याला १९२.१६८ने सुरू होणारा एक पत्ता देऊन मोकळा होतो. प्रिंटरही आपणहून यादीत येऊन बसला.

फोटोंचं फोल्डर मात्र काही केल्या दिसेना. डेस्कटॉपच्या मते आमचं घरचं वायफाय ‘पब्लिक’, म्हणून तो गप्प बसलेला. ते ‘प्रायव्हेट’ केलं, फोल्डर शेअर केलं, तेव्हा कुठे लॅपटॉपवर चौकट उघडली: नाव, डोमेन, पासवर्ड. डोमेनमध्ये ‘वर्कग्रुप’ आधीच भरलेलं. खरी मेख पासवर्डात. रोज चार आकडी पिन दाबून कॉम्प्युटर उघडणाऱ्याला पासवर्ड आठवतो होय? आणि पिन त्या यंत्रापुरतीच, नेटवर्कवरून ती चालत नाही. हवा असतो विंडोजच्या खात्याचा पासवर्ड. तो शेवटी विम्याच्या हप्त्यांच्या डायरीत, गॅस एजन्सीच्या नंबरखाली सापडला. मुलीचं अक्षर, शेवटी अर्थातच ‘१२३’.

विंडोजशी विंडोजच्या बोलीत बोलायचं काम लिनक्सवर सांबा नावाचं सॉफ्टवेअर करतं. १९९१च्या अखेरीस कॅनबेरात पीएचडी करणाऱ्या अँड्र्यू ट्रिजेलने दुसऱ्याच एका कंपनीच्या प्रणालीचे संदेश तारेवरून टिपून ही बोली उलगडली. मायक्रोसॉफ्टही तीच वापरतं, हे त्याला मागाहून कळलं. पुढे त्याने ते सगळं जगाला फुकट देऊन टाकलं. आमच्याकडे उसना दिलेला डबासुद्धा आठवणीने परत मागतात!

एक खोड अजून आहे. यादीत डेस्कटॉप कधी दिसतो, कधी नाही. मी त्या फंदात पडत नाही. राउटरमध्ये त्याचा पत्ता कायमचा राखून ठेवलाय, तोच थेट टाकतो. बायको म्हणते, पेनड्राइव्हने हे दहा मिनिटांत झालं असतं.