चिकटवलेल्या चौकटीखाली

मी कागदाचं कन्झर्व्हेशन करते, म्हणजे जुने कागद जपणं आणि दुरुस्त करणं. जुने नकाशे, पत्रं, चित्रं, दस्तऐवज असं सगळं टेबलावर येत असतं, पण गेल्या काही वर्षांत कॉमिक्सची ओरिजिनल पानं जास्त यायला लागलीत. छापलेलं पुस्तक नाही हं, छापण्याआधी आर्टिस्टने हाताने पेन्सिल करून शाई भरलेलं ते मोठं, ब्रिस्टल बोर्ड नावाच्या जाड गुळगुळीत कागदाचं पान. ही पानं मला मनापासून आवडतात कारण एकाच कागदावर चारपाच माणसांचे हात फिरलेले असतात आणि नीट बघितलं तर प्रत्येकाचा हात वेगळा ओळखू येतो.

तर त्या दिवशी एक कलेक्टर आले, प्लॅस्टिकच्या स्लीव्हमध्ये पान घेऊन. चेहरा पडलेला होता. म्हणाले, "मॅडम, सकाळी पान बाहेर काढलं तर एका चौकटीचा कोपरा सुटून वर आला. खरं काय ते सांगा, मला फसवलंय का?" बरीच वर्षं पैसे साठवून घेतलेलं पहिलं पान होतं त्यांचं.

आधी मी पान त्या स्लीव्हमधून काढलं. स्लीव्ह मऊ, किंचित चिकट, वास येणारी, म्हणजे पीव्हीसी, त्यात ठेवलेली शाई कधीकधी प्लॅस्टिकलाच चिकटून येते, त्यामुळे ती पहिली फेकली. मग पट्टी लावून मोजलं. चित्राचा भाग 10 बाय 15 इंच, म्हणजे अमेरिकन कॉमिक्समधलं 1967 च्या आसपासचं किंवा नंतरचं पान. त्याआधी पानं याहून मोठी, साधारण साडेबारा बाय साडेअठरा इंच काढायचे. फुग्यांमधली अक्षरं थेट पानावर हाताने लिहिलेली, म्हणजे कॉम्प्युटर लेटरिंग रूढ होण्याआधीचं.

टॉर्च आडवी धरून भिंगातून बघितलं आणि माझा जीव भांड्यात पडला. काळे भाग सपाट नव्हते, ब्रशचे फटकारे एकावर एक दिसत होते, कुठे शाई दाट कुठे पातळ. खोडलेल्या पेन्सिलच्या खाचा शाईखाली तशाच होत्या, आणि एका कोपऱ्यात 'इथे काळं भरायचंय' म्हणून करतात ती छोटीशी फुली अर्धवट राहून गेलेली. छापील प्रतीत हे असं येत नाही. मी त्यांना म्हटलं, पान खरं आहे, निर्धास्त राहा.

पण चौथी चौकट वेगळी होती. कागद किंचित चकचकीत, काळा रंग एकसारखा, एकही फटकारा नाही, कडेला बारीकशी सावली पडत होती. तो फोटोस्टॅट होता, म्हणजे कॅमेऱ्याने फोटोच्या कागदावर काढलेली नक्कल. दुसऱ्या चौकटीतला बाईचा रडवेला चेहरा मोठा करून इथे चिकटवलेला. "म्हणजे झेरॉक्सच ना?" ते म्हणाले आणि खुर्चीत बसलेच. मी समजावलं की त्या काळी हे नेहमीचंच होतं, दुरुस्ती करायची तर पूर्ण पान कोण परत काढणार, कापा, रबर सिमेंट हा रबराचा डिंक लावा, चिकटवा, छापखान्याच्या कॅमेऱ्याला जोड दिसत नाही. रबर सिमेंट सगळ्यांना आवडायचं कारण चिकटवलेलं सरकवता यायचं, पण काही वर्षांनी तेच पिवळं, मग तपकिरी होतं, पकड सोडतं आणि डाग मात्र कागदात कायमचा उतरतो.

मग पान लाइट टेबलवर ठेवलं. उजेड खालून आला आणि चौथ्या चौकटीत चेहऱ्याच्या आरपार दुसऱ्याच रेषा दिसायला लागल्या, त्या चेहऱ्याशी कुठेच न जुळणाऱ्या. मी लाइट बंद करून परत लावला, दोनदा. आम्ही दोघंही त्या टेबलावर वाकून उभे होतो.

त्यांना विचारलं, काढू का? जबरदस्ती करणार नाही, सुटत असेल तरच. ते हो म्हणाले. पुढूनमागून फोटो काढले, मग पातळ स्पॅच्युला सुटलेल्या कोपऱ्यातून आत सरकवली, एकेक मिलिमीटर. डिंक वाळून भुगा झाला होता त्यामुळे वेळ लागला तरी कागद कुठेही ओढला गेला नाही, चाळीसेक मिनिटांनी फोटोस्टॅट अख्खा हातात आला.

खाली पूर्ण काढलेली, पूर्ण शाई भरलेली चौकट होती! चेहरा नव्हताच. दाराची कडी, त्यावर बाईचा हात, बोटं घट्ट आवळलेली, पेरांवरच्या सुरकुत्या एकेक करून निबने काढलेल्या, आणि मागे नुसता काळोख. चौकटीच्या वरच्या पांढऱ्या पट्टीत निळ्या पेन्सिलने दोनच शब्द होते, त्यांचा अर्थ एवढाच की चेहरा दाखवा. हा निळा रंग छापखान्याच्या फिल्मला दिसायचा नाही म्हणून सूचना त्यानेच लिहायचे, त्यामुळे छापील अंकात त्या शब्दांचा मागमूसही नसणार. कडेला शाईचा अंगठा उमटला होता, कुणाचा कोण जाणे. माझ्या मते तो हात त्या चेहऱ्यापेक्षा कितीतरी जास्त बोलत होता.

त्यांना आता हातच हवा होता. "फोटोस्टॅट टाकून द्या, डाग घालवा, ती निळी पेन्सिल आणि व्हाइट पण साफ करा, पान एकदम स्वच्छ करून द्या." व्हाइट म्हणजे चुकलेल्या रेषा झाकायला आर्टिस्ट लावतात तो पांढरा रंग. इथे मात्र मी अडले. वाचकांनी बघितलेलं पान चेहऱ्याचं आहे, संपादकाने बदल करायला लावला हाही त्या पानाचाच भाग आहे, आणि व्हाइट खरवडलं तर आर्टिस्टचं मन कुठे बदललं तेच पुसलं जाईल. स्पायडरमॅन पहिल्यांदा आला त्या 1962 च्या अंकाची स्टीव्ह डिट्कोने काढलेली 24 पानं 2008 मध्ये कोणीतरी नाव न सांगता लायब्ररी ऑफ काँग्रेसला दिली, त्यांवरही दुरुस्त्या दिसतात आणि अभ्यासक तेच बघायला जातात.

शिवाय फेकून देण्याचं मला वावडं आहे. एके काळी ही पानं छपाई झाली की रद्दीच समजली जायची, कुणाला वाटून टाकायचे, किती तर नष्टच झाली. आर्टिस्टला पानं परत द्यायची पद्धत 1970 च्या दशकात हळूहळू सुरू झाली. जॅक कर्बीसारख्या नावाजलेल्या कॉमिक्स आर्टिस्टलाही मार्व्हल या प्रकाशकाशी भांडावं लागलं आणि 1987 मध्ये दोनेक हजार पानं मिळाली, त्याने काढली होती दहा हजारांच्या वर. इतक्या गाळणीतून जे उरलंय त्यातला तुकडा मी कचऱ्यात टाकू? आणि आता बरंचसं काम स्क्रीनवरच होतं, किंवा पेन्सिल एका कागदावर आणि शाई त्याच्या निळ्या प्रिंटवर दुसरीकडे, त्यामुळे असे थर एकावर एक सापडणं कमीच होत जाणार.

बराच वेळ बोललो आम्ही, शेवटी तोडगा निघाला. वरवरचा डिंक क्रेप रबराने, म्हणजे वाळलेला डिंक ओढून घेणाऱ्या खोडरबरासारख्या तुकड्याने, उचलून घेतला, आत मुरलेला डाग थोडा राहिला तो राहू दिला. मग फोटोस्टॅटच्या फक्त वरच्या कडेला जपानी कागदाची पट्टी गव्हाच्या स्टार्चच्या खळीने लावली, बिजागरीसारखी. वर चेहरा, उचलला की खाली हात. खळ पाण्याने सुटते, त्यामुळे उद्या कुणाला माझा निर्णय चुकीचा वाटला तर तो बदलताही येईल.

आठवड्याने ते पान न्यायला आले. चेहरा एका बोटाने उचलला, बघितलं, हळूच खाली ठेवला, परत उचलला. फ्रेमसाठी यूव्ही काच कुठली घ्यायची ते विचारणार होते, यादी करून आणली होती. ती यादी खिशातच राहिली. "फ्रेम नको," म्हणाले, "काचेच्या मागे हे उचलता कसं येणार? अ‍ॅसिड-फ्री बॉक्सच द्या."